पारनेरच्या ओसरीवर एक चाक

पारनेर हे वाटेत लागणारे गाव नव्हे. पुण्याहून नगरकडे (आता अहिल्यानगरकडे म्हणायला हवे) जाणारा हमरस्ता शिरूरला घोडनदी ओलांडतो, पुढे सुप्याला त्याला एक फाटा फुटतो, आणि त्या फाट्याने गेले म्हणजे पारनेर येते. ज्याला पारनेरलाच जायचे असते तोच तिकडे वळतो. त्यामुळे इथे आलेला पाहुणा चुकून आलेला नसतो आणि त्याची विचारपूसही त्याच बेताने होते. एस. टी. स्टँडवर तीन जणांनी 'कोणाकडे?' म्हणून विचारले की समजावे, आपण पोचलो.

सुप्याचे कारखाने मागे पडले की मुरमाड माळ सुरू होतो. पाऊस या तालुक्याशी नेहमीच हात राखून वागत आला आहे. पोटासाठी मुंबईची वाट धरणे इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आणि दिवाळीला मुंबईकरांनी गावी परतणेही. वारा मात्र इथे भरपूर. डोंगरमाथ्यावर पवनचक्क्यांची पांढरी पाती संथपणे फिरत असतात. तालुक्यात पाहण्यासारखेही पुष्कळ आहे. टाकळी ढोकेश्वरची लेणी आहेत, जामगावचा महादजी शिंद्यांचा वाडा आहे, पाणी अडवून नावारूपाला आलेले राळेगणसिद्धी आहे.

आणि सेनापती बापट तर पारनेरचेच. जन्म १२ नोव्हेंबर १८८०चा. १९०४ साली शिष्यवृत्ती मिळवून ते एडिंबरोला यंत्रशास्त्र शिकायला गेले, पॅरिसहून बाँबची कृती घेऊन आले आणि पुढे मुळशीच्या सत्याग्रहाने 'सेनापती' झाले. हा भाग सर्वांना ठाऊक असतो. पण विलायतेहून परतलेला हा मनुष्य पारनेरात पहाटे उठून हातात झाडू घेई आणि रस्ते व शौचकूप साफ करी, ही गोष्ट बहुधा एका ओळीत उरकली जाते. बाँबला चरित्रात पाने मिळतात, झाडूला ओळ मिळते. जगाची रीतच ती!

पारनेर हे माझे आजोळ. गेल्या दिवाळीत मी तिथे चार दिवस राहिले, आणि त्या चार दिवसांत या झाडूची मला पुन्हा पुन्हा आठवण झाली ती एका विमानामुळे. पारनेरला विमानतळ नाही हे मला ठाऊक आहे. विमानही आले नव्हते. आला होता त्याचा वीतभर तुकडा, एका बिस्किटांच्या डब्यातून.

माझे मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. ओझरच्या मिग विमानांच्या कारखान्यात त्यांनी सारी नोकरी केली, तीही बहुतेक चाकांच्या खात्यात. निवृत्त झाल्यावर पारनेरला येऊन राहिले. ओसरीच्या कोपऱ्यात त्यांचे एक टेबल आहे. त्यावर शेगडा, कानशी, पाने आणि भिंग अशी मांडामांड असते, आणि गावातल्या पंपांची व शिवणयंत्रांची तिथे मोफत दुरुस्ती होते. त्यांचा नातू कॅलिफोर्नियात इंजिनिअर आहे. नात्याने मी त्याची आत्या. तो यंदा बायको व सहा वर्षांच्या मुलीला तिकडेच ठेवून एकटाच आला होता. आणि डबा उघडून त्याने आजोबांपुढे तो तुकडा ठेवला तेव्हा मामींनी चकलीचा सोऱ्या खाली ठेवला. कारण या नातवाने तिकडे विमान घेतले आहे, हे घरात सगळ्यांना माहीत होते. मात्र त्याबद्दल मोठ्याने कोणी बोलत नव्हते.

'विमान घेतले' म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांपुढे काही भलतेच येईल. हे विमान घरी बांधलेले. अमेरिकेत हौशी मंडळी आपल्या गाडीखान्यात विमाने बांधतात, आणि तिथला कायदा अशा विमानांना 'प्रायोगिक' म्हणून उडू देतो. बर्ट रुटान नावाच्या कल्पक माणसाने मोहावेच्या वाळवंटात 'लाँग-ईझी' हे दोन माणसांचे विमान रचले. १९७९ साली ते प्रथम उडाले, आणि पुढली काही वर्षे त्याचे आराखडे विकत मिळत होते. हलका फोम तारेने कापायचा, त्यावर काचेच्या धाग्यांचे कापड राळेने चिकटवायचे, की झाले विमान! इंजिन मागे, पंखा मागे, लहान पंख पुढे; एकूण स्वरूप असे की उलटे उडते आहे की काय असे वाटावे. आपल्याकडेही बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने याच आराखड्याच्या आधाराने एक विमान केले, ते १९८७ साली उडाले. आणि आपल्या मुंबईत, कांदिवलीच्या चारकोपमध्ये, कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१६च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले, २०१७ साली त्याची नोंदणी झाली आणि २०२०मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर त्याच्या चाचण्या झाल्या. पापड वाळत घालायच्या जागी विमान! मराठी माणूस उद्योगी नाही असे कोण म्हणतो?

आमच्या नातवाचे विमान मात्र त्याने स्वतः बांधलेले नव्हते. कुणा तिसऱ्याने चाळीस वर्षांपूर्वी बांधलेले ते त्याने जुने घेतले होते.

"याची मागची दोन चाकं पक्की आहेत," तो आजोबांना सांगू लागला. "पुढचं, नाकाखालचं, तेवढं आत घेता येतं. त्यानं हवेचा अडथळा कमी होतो. आणि विमान उभं करतानाही ते आत घ्यावं लागतं."

"उभं करताना?" मी विचारले.

"हो आत्या. इंजिन मागे ना! वैमानिक पुढून उतरला की विमान मागच्या मागे कलंडतं. म्हणून उतरण्याआधी पुढचं चाक आत घ्यायचं आणि नाक जमिनीला टेकवून ठेवायचं. लांबून पाहिलं तर गुडघे टेकून बसल्यासारखं दिसतं."

मामा हसले. "म्हणजे उलाळतं म्हण की!"

नातवाला शब्द कळला नाही. मी मराठीची प्राध्यापिका. मला कळला, आणि आनंदही झाला. बैलगाडीत ओझे मागे जास्त झाले की गाडी उलाळते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. ओझे पुढे जास्त झाले की ती धुरजड होते, सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. आणि बैल सोडले की गाडीवान काय करतो? गाडीचे जू जमिनीला टेकवतो. नाक टेकून बसलेले विमान आणि जू टेकून बसलेली गाडी, दोन्हींचे गणित एकच. गुरुत्वमध्य कुठे आहे याचा विचार आमच्या शेतकऱ्याने दोन शब्दांत करून ठेवला होता. कॅलिफोर्नियाला जाऊन आलेल्या मुलाला ते पारनेरच्या ओसरीवर मिळाले.

डब्यातला तुकडा म्हणजे ते चाक वर-खाली करणारी दातेरी पेटी. वैमानिकाच्या समोर एक मूठ असते. ती हाताने फिरवली की आट्यांचा एक दांडा फिरतो, त्याच्या आट्यांत एका चक्राचे दाते अडकलेले असतात, आणि ते चक्र चाकाचा पाय खाली आणते. मेंडोलिनच्या खुंट्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना हे लगेच समजेल. खुंटी फिरवली की तार ताणते, पण तार कितीही ओढली तरी खुंटी उलटी फिरत नाही. इथेही तसेच. मूठ चाकाला हलवते, चाक मुठीला हलवू शकत नाही. शिवाय पाय पूर्ण खाली आला की त्याचा सांधा सरळ रेषेच्या किंचित पलीकडे जाऊन बसतो. आपण ताठ उभे राहिलो की गुडघा जसा आपोआप अडकतो तसा. मग विमानाचा भार पडला तरी पाय दुमडत नाही, उलट अधिक घट्ट होतो.

"नोव्हेंबरात एकदा मूठ जड लागली," नातू म्हणाला. "कट्‌ असा आवाज आला. म्हणून पेटी काढून घेऊन आलो. साफ करू, नवं ग्रीस भरू आणि बसवू. ख्रिसमसला चिऊला पहिल्यांदा वर न्यायचं कबूल केलंय."

चिऊ म्हणजे त्याची मुलगी, मामींची पणती. मामी काही न बोलता आत गेल्या. स्वयंपाकघरात कढई जरा जोरात आदळली.

मामांनी भिंग डोळ्याला लावले. जुने ग्रीस बोटावर घेऊन ते अंगठ्याने चोळले, मग माझ्या बोटावर लावले. बारीक रवाळ लागत होते.

"विमान ठेवतोस कुठे?"

"वाळवंटाच्या कडेला. तिथं भाडं कमी पडतं."

"हं." यापलीकडे त्या दिवशी मामा बोलले नाहीत.

पाडव्याला आम्ही निघोजला गेलो. कुकडी नदी इथे पुणे आणि नगर या जिल्ह्यांची शीव आहे. पलीकडल्या काठाला टाकळी हाजी, अलीकडे निघोज. नदीच्या पात्रातल्या काळ्या पाषाणाला शेकडो रांजण पडले आहेत. काही वाटीएवढे, काही माणूस बुडेल एवढे. आतून मात्र कुंभाराने हात फिरवावा तसे सारे गुळगुळीत. ओसरलेले पाणी कुठेकुठे त्यांत साचून राहिले होते. शेजारी मळगंगेचे देऊळ, आणि त्या काळ्या खडकावर ऊन असे चकाकत होते की डोळ्यांवर हात धरावा.

"हे पाण्यानं केलं?" नातवाने विचारले.

मामांनी वाकून एका लहानशा रांजणात हात घातला आणि तळातून एक गोटा काढला. अंड्यासारखा वाटोळा.

"पाणी फक्त फिरवतं. खडक खाल्ला तो यानं. एकदा आत अडकला की भोवऱ्याबरोबर गरगर फिरत राहतो, स्वतः झिजतो आणि दगडही झिजवतो." त्यांनी गोटा नातवाच्या हातावर ठेवला. "तुझ्या ग्रीसमध्ये हाच आहे. जरा धाकटा, एवढंच."

मी निघोजला लहानपणापासून जात आले आहे. विद्यार्थ्यांच्या सहलीही नेल्या आहेत, आणि 'निसर्गाचे शिल्प' वगैरे भाषणेही केली आहेत. त्या रांजणांत झिजेचा धडा आहे, हे त्या दिवशी प्रथम पाहिले. वंगण हे झीज थांबवायला असते. पण त्यात वाळू शिरली की तेच वंगण ती वाळू दात्यांच्या फटीत धरून ठेवते. जुने पुसून न टाकता वरून नवे भरणे म्हणजे रांजणात गोटा ठेवून वर पाणी ओतणे.

परतताना गाडीत मामांनी प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. चाक खाली आले आहे हे तुला कसे कळते? "एक लहान काचेची खिडकी आहे, त्यातून दिसतं." ती काच स्वच्छ असते का? "...हो, बहुतेक." चाक वर असताना इंजिनचा जोर कमी केलास तर? "भोंगा वाजतो." मागच्या वेळी तो वाजवून कधी पाहिलास? यावर उत्तर आले नाही. चाकाला बाजूला वळायला मोकळीक आहे ना? मग ते थरथरत नाही का? बाजारातल्या ढकलगाडीचे पुढचे चाक कसे लटलट हलते, तसे? "त्यासाठी घट्ट चकत्या असतात. किती ताकदीनं ते वळतं, हे काट्यानं ओढून मोजायचं असतं." मोजलेस? पुन्हा शांतता.

"पण आजोबा," शेवटी नातू म्हणाला, "चाक आलंच नाही खाली, तरी फार काही होत नाही. नाकाखाली रबर असतं. बर्फावरच्या हॉकीची चकती लोक तिथं चिकटवतात. नाक घासत थांबतं. पंखा मागे असतो, त्यालाही धक्का लागत नाही."

"पूर्ण वर राहिलं तर. आणि अर्ध्यावर लोंबलं तर? वेगात असताना आडवं वळलं तर?" मामा खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "आणि मला एक सांग. जो माणूस चाकाचा कंटाळा करतो, तो फक्त चाकाचाच कंटाळा करतो का?"

मग नातवानेच एक हकीकत सांगितली. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी जॉन डेन्व्हर हा अमेरिकेचा लाडका गायक अशाच लाँग-ईझीतून समुद्रात कोसळून गेला. विमान त्याने नुकतेच घेतले होते, बांधले होते दुसऱ्याने. मूळ आराखड्यातली इंधनाची कळ बांधणाऱ्याने जागा बदलून मागे, डाव्या खांद्यापाशी बसवली होती. ती वळवायला हात मागे नेताना विमानावरचा ताबा सुटला असावा, असे तपासात निघाले. एवढी मोठी घटना आणि मुळाशी एक गैरसोयीची कळ. हकीकत सांगून झाल्यावर तो आपण होऊनच गप्प बसला.

भाऊबीजेला सकाळी ओवाळणी झाल्यावर मामा टेबलाशी बसले. पेट्रोलने पेटी धुऊन त्यांनी सुटी केली. दात्यांच्या एका बाजूला झीज स्पष्ट दिसत होती. पण मामांचे लक्ष दात्यांवर नव्हतेच. पेटी जिला धरून असते त्या ओतीव ॲल्युमिनियमच्या कानाकडे ते पुनःपुन्हा पाहत होते. बोल्टाच्या भोकाजवळ काहीतरी आहे म्हणाले. आम्हांला दिसेना. भिंगातूनही दिसेना.

त्यांनी तो तुकडा रॉकेलमध्ये बुडवून ठेवला. तासाभराने काढून कोरडा पुसला. "आता बारीक पांढरी पूड आण."

नातू धावत जाऊन अंगणातली रांगोळी घेऊन आला.

"रांगोळी? अरे, तो दगडाचा चुरा! पुन्हा गोटेच आणलेस." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुमच्या पिशवीत खडू असेल की!"

होता. वीस वर्षे शिकवणाऱ्या बाईच्या पिशवीत खडूचा तुकडा निघणार नाही असे होत नाही. मामांनी तो कुटून, कपड्यातून गाळून, ती पूड त्या कानावर हलक्या हाताने पसरली. धातू दुधासारखा पांढरा झाला. मग लाकडी मुठीने दोन-तीन हलक्या टिचक्या मारल्या आणि आम्ही वाट पाहत बसलो. फराळाची ताटे तशीच होती. मामी उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

प्रथम काहीच झाले नाही. मग बोल्टाच्या भोकापासून निघून एक ओली, करडी रेष त्या पांढऱ्यातून हळूच वर आली. केसाएवढी. भोकापासून कडेपर्यंत जवळजवळ पोचलेली. फटीत शिरून बसलेले रॉकेल खडूने शोषून वर आणले होते.

कोणी बोलले नाही. मी आयुष्यभर फळ्यावर खडूने रेघा काढीत आले, पण अशी रेघ कधी पाहिली नव्हती. ही रेघ आपण होऊन उमटली होती. नुसते ग्रीस बदलून ती पेटी परत बसली असती, ख्रिसमसला मागच्या आसनावर एक सहा वर्षांची मुलगी बसली असती, आणि उतरताना भार पडल्यावर हा कान किती दिवस टिकला असता, कोणी सांगावे? नातवाने तो तुकडा हातात घेतला तेव्हा त्याचा हात थरथरत होता.

मामी म्हणाल्या, "आता सांगा त्याला."

सगळ्यांना वाटले, मामा आता उडू नको म्हणणार. मुलाच्या आईने पुण्याहून फोन करून तेच विनवले होते. मामांनी हात पुसले आणि म्हणाले, "उडू नको असं मी कसं सांगू? माझी पस्तीस वर्षं दुसऱ्यांची पोरं उडवण्यात गेली. त्यांच्या आया नव्हत्या? पण हा तुकडा परत जायचा नाही. नवा घे. आणि ही वही."

ती शाळकरी दोनशेपानी वही होती. पहिल्या पानावर त्यांच्या वळणदार अक्षरात ओळी आखलेल्या होत्या: तारीख, किती तास उडाले, काय पाहिले, काय बदलले, कोणी पाहिले. विमान दुसऱ्याने बांधलेले असल्यामुळे तिथल्या कायद्याप्रमाणे त्याची वार्षिक तपासणी परवानाधारक मेकॅनिककडूनच करून घ्यावी लागते; ती तो करतोच. "ती वर्षातून एकदा," मामा म्हणाले. "पोळ्यासारखी. आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळदीनं मळतात, शेकतात; चांगलंच आहे ते. पण बाकीचे दिवस त्या खांद्यावरून रोज हात फिरवतो तोच खरा शेतकरी. जखम आधी हाताला लागते, मग डोळ्याला."

घर पाहावे बांधून अन् लग्न पाहावे करून, असे आपण म्हणतो. बांधलेले राखून पाहावे असे त्या म्हणीत कुणी जोडले नाही. कौतुक बांधणाऱ्याचे होते. विमानाच्या बाबतीत वर जाण्याचे होते, खाली उतरण्याचे होत नाही. जे चाक आकाशात पोटात दडलेले असते, ज्याचा उड्डाणाला काडीचा उपयोग नाही, त्याच्यावर घरी परतणे अवलंबून असते. मला सेनापतींचा झाडू आठवला. झाडलेला रस्ता दुसऱ्या दिवशी पुन्हा झाडावा लागतो आणि त्याचे कुठे स्मारक होत नाही. तरीही यंत्रशास्त्र शिकून आलेल्या त्या माणसाला ते काम कमी प्रतीचे वाटले नाही. कदाचित यंत्रशास्त्र शिकल्यामुळेच वाटले नसेल.

ख्रिसमसला चिऊ वर गेली नाही. रडली म्हणे. जानेवारीत नवी पेटी आणि नवा कान बसला. मेकॅनिकने पाहिले, मग वहीच्या पानांची छायाचित्रे पारनेरला आली आणि मामांनी भिंगातून ती वाचली. भोंगा वाजवून पाहिला. काच पुसली. थरथर मोजली. एप्रिलमध्ये एक फोटो आला. गुडघे टेकून बसलेले पांढरे विमान, त्याच्या नाकावर हात ठेवून उभी असलेली दोन वेण्यांची चिऊ, आणि मागे वाळवंट. नुकतीच उतरली होती.

तो फुटका कान मामांनी परत दिला नाही. देवळीत, समईच्या तेलाच्या बाटलीशेजारी, तो ठेवलेला आहे. मामींना विमान अजूनही आवडत नाही. पण दर रविवारी नातवाचा फोन आला की पूर्वी त्या पहिल्याने 'जेवलास का?' असे विचारीत. ते अजूनही विचारतात, फक्त दुसऱ्यांदा. आधी विचारतात, "चाक बघितलंस का रे?"